सार्वजनिक काका : दीडशे वर्षांपूर्वी देशी साबण, मेणबत्ती अन् छत्रीचं दुकान काढणारा साताऱ्याचा वकील

सातारा : गावातल्या किराणा दुकानात गेलं की साबणाची वडी, मेणबत्तीचा पुडा, छत्री, शाई हात पुढे केला की मिळते. ती कुणी बनवली, कुठून आली, हे विचारायची वेळ कुणावर येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी मात्र असल्या साध्या वस्तू विलायतेहून बोटीने मुंबईला, तिथून रेल्वेने पुण्याला आणि पुढे बैलगाडीने तालुक्याच्या बाजारात यायच्या. त्या इथेच बनाव्यात आणि आपल्याच माणसांच्या दुकानात विकल्या जाव्यात म्हणून एका वकिलाने स्वतःची कमाई खर्ची घातली. तो वकील मूळचा साताऱ्याचा. नाव गणेश वासुदेव जोशी. पण या नावाने त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. सगळ्यांसाठी ते सार्वजनिक काका.

पुण्याच्या सार्वजनिक सभेचे संस्थापक म्हणून काकांचं नाव घेतलं जातं आणि ते बरोबरच आहे. त्यांनी चालवलेल्या दुकानांची गोष्ट मात्र मागे पडली. खरं तर त्यांचा माणूस म्हणून पिंड कळायचा असेल, तर ती दुकानंच आधी बघायला हवीत.

काकांचा जन्म ९ एप्रिल १८२८ चा, साताऱ्यात. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह महाराज होते. काका अकरा वर्षांचे असताना, १८३९ मध्ये, कंपनी सरकारने महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. पुढे १८४८ मध्ये सातारचं राज्यच खालसा झालं. म्हणजे हा मुलगा ज्या गावात वाढला, त्या गावाचं राज्य त्याच्या डोळ्यांदेखत गेलं. त्याच १८४८ साली, विसाव्या वर्षी, नोकरीच्या शोधात ते पुण्याला आले. कोर्टात नाझराच्या हाताखाली कारकुनी मिळाली. दप्तर, अर्ज, जप्त्या, वॉरंट हे सगळं त्यांनी तिथे जवळून पाहिलं. पुढे वकिलीची परीक्षा दिली आणि १८६५ च्या सुमारास सनद मिळवून पुण्यातच वकिली सुरू केली. वकिली चांगली चालली.

मुखत्यारपत्र घेऊन या, मग सभासद व्हा

पुण्यातल्या पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार पंचांकडे होता आणि त्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. त्या तक्रारींतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली आणि पुढारपण काकांकडे आलं. या सभेचा एक नियम आजच्या ग्रामसभेलाही विचार करायला लावील असा होता. सभासद व्हायचं तर नुसती वर्गणी भरून चालत नव्हतं. किमान पन्नास जाणत्या माणसांची सही असलेलं मुखत्यारपत्र आणावं लागायचं. हा माणूस आमच्या वतीने बोलेल असं लोकांनी लिहून द्यायचं, मगच सभेत बसायला जागा. सुरुवातीला ९५ सभासद झाले आणि त्यांच्या पाठीमागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. निवडणूक हा शब्दही गावात पोचला नव्हता, त्या काळातली ही गोष्ट.

सभेचे पहिले अध्यक्ष झाले औंधचे श्रीमंत श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. औंध म्हणजे आपल्या खटाव तालुक्यातलं. या घराण्याचा आणि देशी मालाचा संबंध पुढे पुन्हा येतो.

सभेच्या कामाला काकांनी एवढं वाहून घेतलं की सार्वजनिक हा शब्द त्यांच्या नावालाच चिकटला. १८७१ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे बदलून पुण्यात आले. रानड्यांनी अभ्यास करावा, आकडे काढावेत, अर्ज लिहावेत, आणि काकांनी दारोदार फिरून माणसं जोडावीत, अशी कामाची वाटणी झाली. रानडे सरकारी नोकर, त्यामुळे पुढे उभं राहायचं काम काकांचं. त्याच वर्षी काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात स्त्री विचारवती सभा काढली. एकाच घरात दोन सभा. त्या काळी बाईने सभा भरवणं म्हणजे गल्लीत चर्चेला विषय, तरी त्यांनी ते केलं.

घरातली एकेक वस्तू परदेशी होत गेली

काकांनी दुकान का काढलं, हे समजायला तेव्हाच्या घरात डोकवावं लागतं.

आपल्याकडे अंग धुवायला डाळीचं पीठ, डोकं धुवायला शिकेकाई-रिठा, कपड्याला खारी माती किंवा रिठ्याचं पाणी. उजेडाला करंजीच्या नाहीतर एरंडाच्या तेलाचा दिवा. विस्तव पेटवायला चकमक, नाहीतर शेजारणीकडून आणलेला निखारा. पावसाला शेतकऱ्याकडे इरलं आणि घोंगडी. लिहायची शाई काजळी आणि डिंक घोटून घरीच बनायची, हिरडा-हिराकस घालून केली की ती जास्त टिकायची. कापड गावच्या कोष्ट्याच्या मागावरचं आणि त्याचं सूत आयाबायांनी चरख्यावर काढलेलं. शेती नसलेल्या विधवेच्या घरात तर चरख्याचे चार पैसे हाच आधार असायचा.

मग रेल्वे आली. मुंबई ते पुणे गाडी १८५८ पासून सुरू झाली. बोरघाटातला रुळाचा भाग पुरा झाल्यावर १८६३ पासून ती सरळ धावू लागली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि विलायतेचा माल पूर्वीपेक्षा लवकर यायला लागला. मँचेस्टरचं गिरणीचं कापड हातमागाच्या कापडापेक्षा तलम आणि स्वस्त. कोष्टी त्याच्या पुढे टिकला नाही. त्याच्या आधी सूत काढणारी बाई संपली, कारण गिरणीचं सूत बाजारात आलं. कापडाच्या मागोमाग काडेपेट्या, सुया, चाकू-कात्र्या, छत्र्या, साबण, मेणबत्त्या, दौती आल्या. शेतकरी कापूस विकायचा आणि त्याच कापसाचं कापड परत विकत घ्यायचा. मधला सगळा पैसा बाहेर.

यात दुकानदाराची चूक नव्हती आणि गिऱ्हाइकाचीही नव्हती. स्वस्त आणि चांगलं मिळालं तर माणूस तेच घेणार. लोकहितवादींनी याआधीच देशी माल वापरायला सांगितलं होतं. रानड्यांनी १८७२-७३ मध्ये पुण्यात व्यापारावर मराठीत व्याख्यानं दिली आणि देश गरीब का होतोय हे हिशेबाने मांडलं. व्याख्यानं ऐकून लोक घरी गेले. काका मात्र घरी जाऊन गप्प बसणारे नव्हते.

वकील चरख्यावर बसला

१२ जानेवारी १८७२ रोजी काकांनी शपथ घेतली. रोज स्वतः सूत काढायचं आणि त्याच सुताचं, म्हणजे खादीचंच कापड अंगावर घालायचं. चालती वकिली असलेला माणूस सकाळी चरख्यावर बसतो आणि जाडंभरडं कापड घालून कोर्टात जातो, हे पुण्याच्या पांढरपेशांना विचित्रच वाटलं असणार. एक हिशेब इथे करून बघण्यासारखा आहे. महात्मा गांधींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा. काकांनी खादी धरली, तेव्हा गांधीजी सव्वादोन वर्षांचे होते.

नुसती शपथ घेऊन कापड तयार होत नाही, आणि तयार झालं तरी विकायला जागा लागते. म्हणून काकांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढलं. सुती आणि रेशमी कापड, शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या या वस्तू इथे बनाव्यात यासाठी कारागिरांना हाताशी धरलं आणि पदरचे पैसे घातले. मग माल विकायला दुकानं. पुणे, सातारा, मुंबई, नागपूर आणि गुजरातेत सुरत एवढ्या ठिकाणी देशी मालाची दुकानं निघाली. ती एका मालकाची नव्हती, पुष्कळांनी थोडे थोडे पैसे घालून सहकारी पद्धतीने चालवायची होती. सहकाराचा कायदा देशात १९०४ साली आला. ही दुकानं त्याच्या तीस वर्षं आधीची. साताऱ्यातलं दुकान म्हणजे तर काकांचं स्वतःचं गाव.

काकांचं हे वारं लांबवर गेलं. आग्र्याला त्यांच्याच प्रेरणेने कापडाची गिरणी निघाली.

फळीवर मांडलेल्या वस्तू बघितल्या की काकांचं गिऱ्हाईक कोण होतं ते कळतं. शाई, मेणबत्ती, छत्री ही शेतकऱ्याच्या घरची गरज नव्हती. ती कारकून, मास्तर, वकील, मामलेदार कचेरीतले नोकर यांची गरज. परदेशी मालाची चटक आधी याच वर्गाला लागली होती आणि तिथेच काकांनी हात घातला. शेतकऱ्याला त्यांनी देशी वापरा असं सांगायची गरजच नव्हती, तो बिचारा घोंगडीवरच होता. फक्त कापडाच्या बाबतीत शेतकरीही ओढला गेला होता.

आता अडचण. शाई जमण्यासारखी होती, कारण तिची कला घराघरात होती. साबणाचं तसं नव्हतं. तेल इथे मुबलक, पण वडी सारखी घट्ट व्हावी, तिला वास बरा यावा, पावसाळ्यात ती पाझरू नये, हे जमवायला रसायनाची माहिती आणि यंत्रं लागतात. हिंदुस्थानात साबणाचे मोठे कारखाने निघायला अजून पंचवीसेक वर्षं होती. मेणबत्तीचं तेच. परदेशी मेणबत्तीत आणि साबणात पुष्कळदा जनावराची चरबी असायची, त्यामुळे देशी मालाला धार्मिक घरांत मागणी असायला हरकत नव्हती, पण भाव? हाताने ओतलेली मेणबत्ती कारखान्याच्या भावात कशी परवडणार? छत्रीचं काम तर सगळ्यात अवघड. कापड इथलं लावता येतं, दांडा इथल्या सुताराकडून घेता येतो, पण पोलादी काड्या? पोलादाचा कारखाना देशात नव्हता.

माल महाग आणि थोडा ओबडधोबड, शेजारच्या दुकानात विलायती माल स्वस्त आणि चकचकीत. अशा वेळी फरक कुणीतरी भरून काढावा लागतो. तो काकांनी स्वतःच्या खिशातून भरला. वकिलीत जे मिळवलं ते या धंद्यात घातलं आणि तोटा सोसला. व्यापारी म्हणून बघितलं तर हे नुकसानीचं काम, यात शंका नाही. सरकारचं धोरणही उलट होतं. परदेशी कापडावर थोडीफार जकात होती, तीही मँचेस्टरवाल्यांना खुपत होती. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी आपल्याच कौन्सिलातल्या बहुतेकांचा विरोध डावलून जाड्याभरड्या कापडावरची जकात काढली आणि १८८२ मध्ये उरलेली बहुतेक जकातही गेली. जिथे सरकार समोरच्या दुकानदाराच्या बाजूने, तिथे एका वकिलाची पदरमोड किती पुरणार?

दुष्काळ आणि दरबार

गावाकडे तेव्हा दुसरंच जळत होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते ६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. त्यातच नव्या मोजणीने शेतसारा वाढला. सार्वजनिक सभेने १८७२-७३ मध्ये गावोगाव चौकशी करून शेतकऱ्यांची हलाखी सरकारपुढे मांडली, पण उपयोग झाला नाही. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं आणि वाडे गाठले, खतं आणि वह्या काढून जाळल्या. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरलं.

कोर्टाची पायरी चढून शेतकरी आणखी बुडतो, हे काकांना कारकुनीपासून माहीत होतं. म्हणून याच सुमारास त्यांनी लवाद कोर्टाची कल्पना चालवली. भांडण सरकारी कोर्टात न नेता दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या पंचांपुढे मिटवायचं. वकिलाने असं काही काढणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय. काकांना त्याचं काही वाटलं नाही.

१८७६ मध्ये पाऊस गेला. दख्खनच्या अवर्षणी भागात, आपल्या माण-खटावकडेही, दुष्काळ पडला. सभेने गावोगाव माणसं पाठवून कुठे किती पेरणी बुडाली, किती जनावरं गेली, लोक कुठे स्थलांतर करताहेत याची माहिती गोळा केली आणि ती सरकारला पाठवत राहिली. दुष्काळी कामावरची मजुरी सरकारने कमी केली तेव्हा मजुरांनी कामं सोडली. त्या वेळीही सभा मजुरांच्या बाजूने उभी राहिली.

याच दुष्काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत मोठा दरबार भरला. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करायचं होतं. राजे-महाराजे हत्ती-घोडे, जरीचे पोशाख, हिरे-मोती लेऊन आले. सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काकाही गेले. अंगावर तीच पांढरी खादी, स्वतःच्या शपथेतली. राणीच्या गोऱ्या प्रजेला जे हक्क आहेत तेच इथल्या प्रजेलाही मिळावेत, अशी मागणी करणारं मानपत्र त्यांनी सभेच्या वतीने दिलं. त्या सगळ्या झगमगाटात हातसुताच्या कपड्यातला हा एक माणूस. दुकानात विकता विकता जे लोकांना पटवता आलं नव्हतं, ते त्या दिवशी सगळ्या देशातल्या पुढाऱ्यांना नुसतं बघून कळलं असेल.

फडक्यांचं वकीलपत्र

रानड्यांची व्याख्यानं ऐकणाऱ्यांत आणि काकांच्या स्वदेशीने भारावलेल्यांत पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीतला एक कारकून होता, वासुदेव बळवंत फडके. मूळ गाव पनवेलजवळचं शिरढोण. दुष्काळातली उपासमार बघून अर्ज-विनंत्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि १८७९ मध्ये रामोशी तरुणांना घेऊन त्यांनी बंड केलं. त्या वर्षी मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली. सरकारला पुण्यातल्या सगळ्याच शिकलेल्यांचा संशय यायला लागला. रानड्यांची बदली धुळ्याला झाली.

जुलैमध्ये फडके पकडले गेले आणि पुण्यात खटला उभा राहिला. राजद्रोहाचा आरोप, सरकारचा डोळा. अशा माणसाचं वकीलपत्र घेणं म्हणजे स्वतःचं नाव सरकारच्या वहीत लिहून घेणं. इतर कचरत असताना काकांनी ते घेतलं. काकांचा मार्ग बंडाचा नव्हता. आयुष्यभर त्यांनी अर्ज, सभा, दुकान, चरखा हेच केलं होतं. तरीही आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, आणि हा आरोपी तर आपल्याच माणसांच्या भुकेसाठी उठला, एवढं त्यांना पुरेसं होतं. फडक्यांना जन्मठेप झाली. त्यांना एडनला पाठवलं आणि १८८३ मध्ये ते तिथेच वारले.

खटल्यानंतर काका वर्षभरही राहिले नाहीत. २५ जुलै १८८० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय बावन्न. मागे संपत्ती म्हणावी असं काही राहायचं कारणच नव्हतं, ती सभेत आणि दुकानांत गेली होती.

पाव शतकानंतर, १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीचं वारं पुन्हा सुटलं. लोकमान्य टिळकांनी ते महाराष्ट्रात गावोगाव नेलं. १९०६ मध्ये मुंबईत स्वदेशी मालाचं मोठं सहकारी भांडार निघालं. काकांच्या दुकानात ज्या वस्तू तोट्यात विकाव्या लागल्या, त्या करायला आता शिकलेले कारागीर आणि भांडवल दोन्ही मिळू लागलं होतं.

सार्वजनिक सभेचे पहिले अध्यक्ष औंधचे श्रीनिवासराव. त्यांचे चिरंजीव भवानराव पंतप्रतिनिधी पुढे औंधचे राजे झाले. त्यांच्या संस्थानात १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा मिळाली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. कराडजवळच्या ओगल्यांच्या काच कारखान्यालाही औंधचा आधार मिळाला. १९१६ मध्ये निघालेल्या त्या कारखान्यावरून त्या जागेचं नाव ओगलेवाडी पडलं. तिथे तयार झालेला प्रभाकर कंदील वीज येईपर्यंत आपल्या जिल्ह्यातल्या पडवीत, गोठ्यात आणि मळ्यातल्या खोपीत रोज संध्याकाळी लागत होता.